मदत हवी आहे: तुआमोटूत प्रवाळभित्तीतल्या वाटेने बोट आत नेणे

प्रश्न
१२ मीटरची शिडाची बोट, पाण्याखाली १.९ मीटर. इंजिनावर जेमतेम ६ नॉट (ताशी साधारण ११ किमी). फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोटू बेटांपैकी एका छोट्या कंकणद्वीपात (प्रवाळभित्तीचं कडं, मधे लगून म्हणजे खाऱ्या पाण्याचं तळं) शिरायचंय. वाट एकच, पश्चिमेला, साधारण ६० मीटर रुंद, नकाशावर कमीत कमी खोली ४ मीटर. भरती-ओहोटीच्या तक्त्यानुसार वाटेतला प्रवाह सकाळी ६:५० ला थांबतो (थांबतं पाणी). पहाटेच पोहोचून जीपीएसवर आखलेल्या रेषेने आत जावं का?

उत्तर १
६:५० ला नको. वाटेचं तोंड पश्चिमेला, म्हणजे आत जाताना बोटीचं पुढचं टोक पूर्वेला आणि ऊन थेट डोळ्यांत. पाण्यावर नुसती चकाकी दिसेल, खडक नाही. पुढचं थांबतं पाणी साधारण सव्वासहा तासांनी, एकच्या सुमारास येतं. तेव्हा सूर्य डोक्यावरून मागे कललेला असतो. ती वेळ धरा.

दुसरं, तक्त्यावर विसंबू नका. दक्षिणेची मोठी लाट असली की भित्तीवरून पाणी सतत लगूनमध्ये पडतं आणि त्याला बाहेर पडायला बहुतेक हीच वाट. मग भरतीच्या वेळीही पाणी बाहेरच वाहतं, कधी थांबतच नाही. आधी बाहेर थांबून दुर्बिणीने बघा. बाहेर जाणारा प्रवाह आणि पूर्वेचा वारा एकाच दिशेने असतात, म्हणून जोर असूनही वाटेच्या तोंडाशी पाणी गुळगुळीत दिसू शकतं. फसू नका. ३ नॉटच्या वर प्रवाह असेल तर थांबा.

प्रश्नकर्ता
मग हलक्या भरतीबरोबर आत जाणं सोपं नाही का?

उत्तर १
पहिल्यांदा जाताना उलट बरं. समोरून एक-दीड नॉटचा प्रवाह येत असेल तर सुकाणूवरून पाणी वाहत राहून ते नीट काम करतं, जमिनीच्या हिशेबाने बोट सावकाश सरकते, काही चुकलं तर जागच्या जागी धरता येते. मागून रेटा असला की वेग कमी केला तरी बोट पुढे ढकलली जाते, आणि वळायला ६० मीटर फार नाहीत.

उत्तर २
जीपीएस बरोबर असतो, पण नकाशा ज्यावर बेतलाय तो जुना सर्व्हे बरोबर असेलच असं नाही. उपग्रहचित्रावर रेषा ताडून बघा, तरी शेवटचा शब्द डोळ्यांचा. एकाला पोलराइज्ड चष्मा घालून डोलकाठीवर चढवा, हाताच्या खुणा आधी ठरवा. गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ. ढग आला की सगळं एकच करडं दिसतं. तेव्हा बाहेरच घिरट्या घाला.

डेप्थ साउंडरचा (बोटीखालची खोली मोजणारं यंत्र) इथे उपयोग कमी. १५ मीटरवरून प्रवाळाचा खांब सरळ वर येतो. आकडा बदलेपर्यंत तुम्ही त्यावर असता. इंजिन बंद पडलं तर म्हणून नांगर मोकळा करून ठेवा, मेनसेल (मुख्य शीड) चढवायला तयार. तिकडे आयएएलएची (सागरी खुणांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 'ए' पद्धत आहे: आत जाताना लाल खूण डावीकडे.

उत्तर ३
आत शिरलात म्हणजे सुटलात असं नाही, लगूनमध्येही खडक विखुरलेले असतात. नांगराच्या जागेपर्यंतचा वेळ धरून चारच्या आत काम संपवा. येतानाचा ट्रॅक सेव्ह करा. बाहेर पडताना बोटीचं तोंड पश्चिमेला, तेव्हा सकाळचं ऊन पाठीशी. नऊनंतर, सूर्य पुरेसा वर आल्यावर निघा.