मदत हवी आहे : बाबांना (वय ७६, एक गुडघा बदललेला) सायनच्या किल्ल्यावर न्यायचंय, जमेल का?

मुलुंडची_मी :

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

माझे बाबा नोव्हेंबरमध्ये ७६ पूर्ण करतील. आता आम्ही मुलुंडला असतो पण बाबांचं लहानपण सगळं सायनला चाळीत गेलं, एका खोलीत आठ माणसं, त्यामुळे अभ्यासाला जागा म्हणजे किल्ल्याची टेकडी. तेव्हाची अकरावीची एसएससी त्यांनी त्या टेकडीवरच काढली, पहाटे वर जायचं, भिंतीला पाठ लावून पाठांतर करायचं आणि ऊन चढलं की खाली बागेत झाडाखाली. यंदा वाढदिवसाला काय हवं विचारलं तर शर्ट नको, हॉटेल नको, म्हणाले मला एकदा किल्ल्यावर ने. बाबा कधी काही मागत नाहीत हो, म्हणून हे मला करायचंच आहे.

अडचण गुडघ्यांची. उजवा तीन वर्षांपूर्वी बदलला, डावाही कुरकुर करतो. सोसायटीत रोज अर्धा तास काठी घेऊन चालतात, रेलिंग धरून दोन मजले चढतात, उतरताना मात्र घाबरतात. मी शेवटची गेले तेव्हा कॉलेजात होते, वीस वर्षं झाली, बाग आठवते आणि वरचा वारा आठवतो, पायऱ्या कशा होत्या ते काही केल्या आठवत नाही. तर पायऱ्या किती उंच आहेत, मधे टेकायला जागा आहे का, कुठल्या वेळी गेलेलं बरं? वर नाहीच जमलं तर नुसत्या बागेत बसून परत आलो तरी चालेल का, की बाबांना उलट जास्त वाईट वाटेल, हेही कळत नाहीये.

अजून एक, बाबा म्हणतात किल्ला पोर्तुगीजांचा, माझा पाचवीतला लेक म्हणतो इंग्रजांचा, दोघंही हट्टाला पेटलेत. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

शीवकर :

ताई, मी किल्ल्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर राहतो, रोजचं फिरणं तिथेच. बाबांना अवश्य आणा.

खाली महापालिकेचं पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे, वर जायची वाट त्या बागेतूनच. तुमच्या-माझ्यासारख्यांना दहा-पंधरा मिनिटांत वर पोचवणारी टेकडी आहे ही, बाबांना तासभर द्या. पायऱ्या दगडी आहेत पण सारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याला येणारी, काही झिजलेल्या, काही हललेल्या, आणि सगळीकडे धरायला कठडा मिळेल असं धरून चालू नका. म्हणून दोन माणसं हवीतच, एक पुढे एक मागे. पाऊस लांबला असेल तर आठवडाभर थांबा, शेवाळावरून पाय सटकतो, मी स्वतः एकदा आपटलोय. ऑक्टोबरच्या उन्हात आणू नका, दिवाळीनंतर सकाळी सातला बेस्ट. संध्याकाळीही छान वाटतं पण उतरताना अंधार पडतो आणि तुम्हाला तर उतरण्याचीच काळजी आहे.

मुलुंडहून थेट रिक्षा केलीत तरी चालेल, रिक्षाला सायनपर्यंत परवानगी आहे, पुढे दक्षिणेला टॅक्सीच. ट्रेनने आलात तर पूर्वेला बाहेर पडा. स्टेशनजवळचा १९१२ सालचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हापासून बाबांच्या आठवणीतले रस्ते बदललेत, ते म्हणतील इकडून चल, तुम्ही मॅप बघून चला.

गुडघेदुखी_नको :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी ऑर्थोपेडिकना विचारा, मी पेशंट न बघता हो म्हणणार नाही. त्यांनी परवानगी दिली तर एक नियम घरीच घोटून घ्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, ते उलटं आहे. बाबांचे दोन्ही गुडघे तक्रार करतात म्हणताय तर आधी उतरायला कोण त्रास देतो ते बघा, तो दुखरा. अजून हातात वेळ आहे तर जिना एका मजल्याने वाढवा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याची प्रॅक्टिस करा. काठीखालचं रबर झिजलं असेल तर नवीन घाला, वीस-तीस रुपयांची गोष्ट आहे पण दगडावर सगळं तिच्यावर असतं. आणि पाणी पिऊ नका म्हणजे बाथरूमला जावं लागणार नाही असला विचार ज्येष्ठ मंडळी करतात, तो करू देऊ नका.

हापूस_प्रेमी :

एवढा त्रास कशाला, हँगिंग गार्डनला न्या ना, सपाट आहे, गाडी दारापर्यंत जाते, समुद्र पण दिसतो.

मुलुंडची_मी :

@हापूस_प्रेमी, सुचवल्याबद्दल थँक्स, पण बाबांना बाग बघायची नाहीये हो, त्यांना ती भिंत बघायचीये.

@गुडघेदुखी_नको, काठी खरंच चुकीच्या हातात होती!! आजपासून बदलली. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतेय.

जुनी_मुंबई :

किल्ल्याच्या वादात तुमचा लेक बरोबर आहे पण बाबाही अगदी हवेत बोलत नाहीयेत. मुंबई १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड अंजियर, त्याच्या काळात, म्हणजे १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, हा किल्ला बांधला गेला. कशासाठी, तर इकडे परळ बेटापर्यंत इंग्रज आणि खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे उत्तरेचं मोठं बेट, ते पोर्तुगीजांकडे. म्हणजे किल्ला इंग्रजांचा पण रोखलेला पोर्तुगीजांवर. शीव म्हणजेच वेस, हद्द, गावाचं नावच ते सांगतंय, सायन हे त्याचंच परक्या तोंडात झालेलं रूप.

लेकाला पुढची गोष्टही सांगा, मला तीच जास्त आवडते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई, म्हणजे या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला समोर एके दिवशी पोर्तुगीजांच्या जागी मराठे दिसायला लागले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टीही घेतली आणि शीव ही शीव उरली नाही. पुढे १८०५ च्या सुमारास सायन-कुर्ला जोडणारा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा बांधरस्ता, झाला, १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे याच बाजूने गेली. जिथे हद्द राखायची होती तिथूनच सगळं शहर उत्तरेला ओसंडलं, आणि तुम्ही मुलुंडला राहताय.

धारावीतला काळा किल्लाही वेळ मिळाला तर दाखवा, त्यावरच्या दगडावर १७३७ साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव कोरलंय. साल परत वाचा, मराठे साष्टीत उतरले तेच वर्ष.

शीवकर :

वा जुनी_मुंबई, इतकी वर्षं इथे राहून हॉर्नचा दगड मला माहीत नव्हता. ताई, अजून एक राहिलं, पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं ऑफिस आहे, वाट चुकल्यासारखं वाटलं तर ती खूण ठेवा. आणि वरच्या भिंतींवर लोकांनी नावं कोरून ठेवलीत, बाबांना आधीच सांगून ठेवा, मला दर वेळी बघून त्रास होतो.

मुलुंडची_मी :

अपडेट. काल रविवारी जाऊन आलो!!

डॉक्टर म्हणाले हळू न्या, मन लावून न्या. सव्वासहाची स्लो पकडली कारण बाबांना रिक्षा नको होती, सायनला ट्रेननेच उतरायचं होतं. स्टेशनपासून बागेपर्यंत प्रत्येक वळणावर थांबून इथे काय होतं ते सांगत होते, इथे पिठाची गिरणी, इथे आमचा सायकलवाला, मी मॅप बंद करून ठेवला. माझा भाऊ पुढे, मी मागे, चांगला पाय आधी दुखरा पाय आधी असं लेक मोठ्याने म्हणत होता. निम्म्यावर एका सपाट दगडावर वीस मिनिटं बसलो, तिथे बाबा गप्प झाले, मला वाटलं आता परत फिरू या म्हणणार. पाणी प्यायले आणि म्हणाले चला.

वर पोचल्यावर कुर्ल्याची बाजू, हायवे, बिल्डिंगी, कशाकडे बघितलंच नाही आधी. भिंतींवरून हात फिरवत फिरत राहिले. त्यांची नेमकी जागा सापडली नाही, मधे बरंच पडलंय म्हणाले. मग एका भिंतीला नातवाला पाठ टेकून बसवलं, मान थोडी वळवायला लावली आणि म्हणाले हां, इथून सूर्य असाच यायचा, इथेच असणार. त्यानंतर पूर्वेला बोट करून त्याला सांगितलं की मिठागरं चमकायची तिकडे सगळीकडे, आणि पोर्तुगीज खाडीपलीकडे होते, तू म्हणालास ते बरोबर. जुनी_मुंबई, तुमची पोस्ट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली होती.

उतरायला चाळीस मिनिटं लागली, बऱ्याच पायऱ्या बसून उतरलो, पँट मळली, कुणाला घाई नव्हती. रात्री गुडघा थोडा सुजला होता, बर्फ लावला, आज बराय.

आता नवीन मागणी आलीय, काळा किल्ला आणि तो हॉर्नचा दगड. शीवकर, जुनी_मुंबई, धारावीत आतपर्यंत गाडी जाते का, आणि दगड खालूनच वाचता येतो की तिथेही चढायचंय?