सोसायटीचा कॅमेरा: व्हिडिओ हवा की फक्त फोटो?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी सोसायटीसाठी कॅमेरा घ्यायचं कमिटीत ठरलंय. दरवर्षी फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये विखुरतात आणि स्मरणिका छापायच्या वेळी एकही धड सापडत नाही. बजेट लेन्स धरून ६० हजार. अडलंय एकाच गोष्टीवर. ए-७०४ काकांचं म्हणणं, फक्त फोटोचाच कॅमेरा घ्या. बाकीच्यांनी रविवारच्या मीटिंगआधी इथे मत टाका.

बी-१०४ (खजिनदार): पण हल्ली फक्त फोटोचा कॅमेरा मिळतो का?

ए-७०४: माझं म्हणणं सविस्तर लिहितो. माझी नोकरी वर्तमानपत्राच्या फोटो विभागात झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. व्हिडिओ वाईट असं मी म्हणत नाही. एकाच यंत्रात दोन्ही कोंबलं की ते हातात धरणारा माणूस धड एकही काम करत नाही, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

विसर्जनाचं उदाहरण घ्या. ढोलवाल्याचं टिपरू हवेत आहे, खाली यायच्या आतला क्षण हवाय, तर शटर निदान १/५०० लागतं, म्हणजे पडदा सेकंदाचा पाचशेवा भागच उघडा. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर साधारण १/५० ठेवतात, कारण प्रत्येक फ्रेम थोडी पुसट असली तरच हालचाल डोळ्याला सलग वाटते. म्हणजे जे व्हिडिओला चांगलं तेच फोटोला मारक. ‘शूटिंग करून ठेवू, नंतर त्यातून फोटो काढू’ असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. ४के मधली फ्रेम ३८४० बाय २१६०, साधारण ८ मेगापिक्सेलची. एवढे मेगापिक्सेल स्मरणिकेला एक वेळ पुरतील, पण पुसलेलं टिपरू मुखपृष्ठावर कसं छापणार?

आणि फोटो काढणारा वाट बघत असतो. कोण हसणार, कोण डोळे पुसणार, हे त्याला आधीच हेरावं लागतं. व्हिडिओवाल्याला हात स्थिर ठेवून सलग चालत राहायचं असतं. दोघांची नजरच वेगळी.

खजिनदारांसाठी: निकॉनचा डी७००, २००८ चा, फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग), १२ मेगापिक्सेल, व्हिडिओ अजिबात नाही. फोर्टला बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत सेकंडहँडमध्ये शोधता येईल.

बी-५०३: काका, टिपरूचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी एडिटिंग करते, असल्या पुसट फ्रेम रोज बघते. पण त्यासाठी कॅमेऱ्यातून व्हिडिओच काढून टाका, हे नाही पटत.

जुन्या एसएलआरमध्ये आरसा असायचा. प्रकाश आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये जायचा आणि बटण दाबेपर्यंत सेन्सर अंधारात असायचा. हल्लीच्या मिररलेसमध्ये आरसाच नाही. तुम्ही डोळा लावून जे बघता ते सेन्सरवरून सतत वाचलं जाणारं चित्रच असतं. म्हणजे हलतं चित्र कॅमेऱ्यात आधीच तयार होतंय. ते कार्डावर साठवायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. चिप तीच, सेन्सर तोच.

२००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनचा डी९० आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर (डिजिटल एसएलआर), ७२० पीचा. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला, फुल एचडी. त्याची एक क्लिप १२ मिनिटांच्या आसपास थांबायची, तरी छोट्या बजेटवाल्यांना पहिल्यांदाच मोठ्या सेन्सरचं, मागचं धूसर करणारं चित्र परवडलं. माझ्यासारख्यांचं काम त्यामुळेच उभं राहिलं, म्हणून मला हे मनापासून वाटतं.

आणि व्हिडिओ काढला की कॅमेरा स्वस्त होतो, हेही खरं नाही. निकॉनने २०१३ मध्ये मुद्दाम व्हिडिओ वगळून डीएफ काढला. त्याच वर्षीच्या, व्हिडिओ असलेल्या डी६१० पेक्षा तो महाग होता. लायकाने २०१२ च्या एम मध्ये व्हिडिओ दिला आणि २०१७ च्या एम१० मध्ये काढून घेतला. तो कॅमेरा आपल्या सगळ्या बजेटमध्ये मिळून येणार नाही.

सी-४०२: कस्टम्समध्ये होतो म्हणून एक भर घालतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांवर बंद पडायचं, ते यंत्र दमतं म्हणून नव्हे. ३० मिनिटं किंवा जास्त सलग रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर आयात कर जास्त. भारतात २०१२ च्या आयात करातल्या सवलतीतही ३० मिनिटांची अट होती. त्यावरून कॅनन इंडियाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०२१ चा निकाल मात्र कर मागणारी नोटीस कोणत्या अधिकाऱ्याने काढायची या मुद्द्यावर लागला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तोही फिरला. फोटोचा कॅमेरा कुठे संपतो आणि व्हिडिओचा कुठे सुरू होतो, हे कायद्यालाही सरळ सांगता आलेलं नाही.

बी-१०४ (खजिनदार): तुम्ही सगळे कॅमेऱ्याचं बघताय, मी साठवणुकीचं विचारतो. १०० एमबीपीएसने ४के घेतलं तर तासाला ४५ जीबी. दीड दिवस धरा की पाच दिवस, ते ठेवायचं कुठे आणि बघायचं कोणी? फोटो निदान निवडून होतात.

सी-२०२: मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. सासूबाई इथे होत्या तोवर मंत्रपुष्पांजली त्याच सांगायच्या, सगळी सोसायटी मागून म्हणायची. त्यांचे फोटो आहेत, छान आहेत, ए-७०४ भाऊंनीच काढलेत. आवाज कुठेच नाही. मुलं विचारतात, आजी कशी म्हणायची? काय दाखवू त्यांना? व्हिडिओ घ्याच.

ए-७०४: वहिनी, तुमच्या म्हणण्यापुढे मला काही बोलता येत नाही. मंत्रपुष्पांजली रेकॉर्ड झालीच पाहिजे.

ए-३०१: काका, मी भांडुप पंपिंग स्टेशनजवळच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातो, तिथे सगळ्यांची एकच तक्रार असते. व्हिडिओचं लाल बटण अंगठ्याखाली असतं. थवा उडाला की घाईत तेच दाबलं जातं. बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये सोय असते, डायल व्हिडिओवर असेल तरच ते बटण चालेल अशी.

बी-५०३: हेच म्हणायचं होतं. कंपन्यांनी व्हिडिओ जरूर द्यावा, पण फोटोच्या वाटेत आणू नये. वेगळा खटका हवा आणि दोन्हींची सेटिंग वेगळी लक्षात राहायला हवीत, म्हणजे व्हिडिओचं १/५० शटर फोटोला चिकटून येणार नाही. निकॉनच्या मिररलेसवर असा खटका असतो. जिथे हे नाही तिथे काकांचा राग रास्त आहे. २०२० मध्ये कॅननचा आर५ आला तेव्हा ८के घेताना साधारण २० मिनिटांत गरम होऊन थांबायचा. ज्याला फक्त फोटो हवे होते त्यानेही त्या ८के चे पैसे मोजलेच ना?

ए-७०४: बरोबर बोललीस. मग माझ्या अटी लिहून ठेवा. एक, लाल बटण मेनूतून बंद. दोन, आरती आणि मंत्रपुष्पांजलीला कॅमेरा स्टँडवर, व्हिडिओ, आणि माइक वेगळा, कारण कॅमेऱ्याच्या माइकला पंखाच आधी ऐकू येतो. तीन, विसर्जनाला फक्त फोटो. तिथे कोणी ‘काका, थोडं शूटिंगपण’ म्हणायचं नाही. ते मोबाइलवर घ्या, पोरांचे मोबाइल त्याला उत्तम आहेत.

बी-१०४ (खजिनदार): स्टँड आणि माइक ६० हजारांतच बसवायचे. हार्ड डिस्क मी वेगळी मंजूर करून घेतो. व्हिडिओ वर्षाला दोन तासांच्या वर ठेवायचा नाही.

बी-५०३: दोन तास पुरेत. कापून मी देते.

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये याच अटी मांडतो. शनिवारी बोरा बाजारात कोण येतंय?

ए-३०१: मी.

बी-५०३: मीपण. येताना कोणीतरी मखराची एलईडी माळ घ्या. स्वस्त माळा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, काही कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचतात तेव्हा) चित्रात आडवे पट्टे येतात. दुकानातच लावून बघू.

ए-७०४: माळ मी आणतो. माझा जुना फ्लॅशही आणतो, नव्या कॅमेऱ्यावर चालतो का बघायला. सव्वादहाची फास्ट लोकल धरू.