पैरा : फेडायचा की जुळवायचा? (एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कृष्णाकाठ

गेल्या आठवड्यात सांगलीत विश्रामबागला बहिणीकडे मुक्कामाला होतो. सकाळचे पावणेसात. समोरच्या फ्लॅटमधली बाई स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवत जिन्यात उभी, आणि आमची बहीण आतून ओरडतेय, "अगं थांब, आज माझा पैरा!" दोघींची पोरं एकाच शाळेत. एक दिवस ही सोडते, एक दिवस ती. समोरची बाई नागपूरकडची, पण पैरा म्हणजे काय हे तिला विचारावं लागलं नाही. तीही म्हणाली, "मग उद्या माझा डबल."

हा शब्द मी तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदाच ऐकला. माझ्या कानातला पैरा वाळवा तालुक्यातल्या आजोळचा, भांगलणीचा, म्हणजे पिकातलं तण काढण्याचा. आज तुमच्या रानात आमची चार माणसं, परवा आमच्या रानात तुमची चार. पैशाचा संबंध नाही, हिशेब दिवसांचा. आज्जी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची, एका घराला एक ओळ. पैरा फिटला की ओल्या बोटानं रेघ पुसायची. दिवाळीच्या आधी भिंत पोतारायची तर आज्जा पहिल्यांदा विचारायचा, "रेघा मोजल्यास का?"

क्रियापदं बघा : पैरा करतात, पैऱ्यानं जातात, पैरा अंगावर असतो, फेडतात आणि फिटतो. कर्जाची भाषा आहे ही सगळी. फक्त हे कर्ज रुपयांत फिटत नाही. भांगलणीचा दिवस भांगलणीच्या नाहीतर तसल्याच कामाच्या दिवसानं फेडायचा. हातावर पैसे टेकवले की तो रोजगार झाला, आणि आकडा ठरवून काम दिलं की उक्तं.

आता माझा प्रश्न. मोबाईलवर बैलगाडी शर्यती बघताना निवेदक दर दोन मिनिटांनी "काय पैरा जुळलाय!" म्हणतो. तिथं फेडणं-बिडणं काही दिसत नाही. हा तोच शब्द का? आणि तोच असेल तर फेडण्यावरून जुळण्यावर कसा आला?

(शुद्धलेखनाचं एक गाऱ्हाणंही आहे. मागे एका वर्तमानपत्राला छोटा लेख पाठवला होता. त्यात होतं, "पैऱ्याची पद्धत आता मोडली." छापून आलं, "पेऱ्याची पद्धत आता मोडली." पेरा म्हणजे पेरणी, हरभऱ्याचा पेरा, गव्हाचा पेरा. लोकांनी फोन करून विचारलं, मग आता टोकणयंत्रानं करता काय?)

माळावरचा

खटाव तालुका. बैलाचा नाद घरातच आहे, त्यामुळे हे उत्तर माझ्याकडंच यायला पाहिजे.

आमच्याकडं छकड्याला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, दोन बैल. ते एकाच मालकाचे असले तर ती जोडी. एक बैल माझा आणि एक दुसऱ्या गावच्या मालकाचा असला तर तो पैरा. म्हणजे जोडी एका दावणीची, पैरा दोन दावणींचा. हा फरक निवेदकसुद्धा पाळतात, कान देऊन ऐका. एखादा बैल डावीकडूनच पळतो, त्याला उजवीकडचा लागतो. एकाची सुरुवात जोरात आणि दुसऱ्याचा शेवट जोरात असली की गाडी वाकडी जाते. म्हणून पैरा "जुळावा" लागतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं मैदान जवळ आलं की महिनाभर आधीपासून फोन सुरू होतात.

फेडणं दिसत नाही म्हणता? दिसत नाही, कारण ते कॅमेऱ्यासमोर होत नाही. तुमच्या गावच्या मैदानाला मी माझा बैल दिला, की माझ्या गावच्या मैदानाला तुमचा आला पाहिजे. नाही आला तर पुढच्या वर्षी तुमचा फोन कोणी उचलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत आमच्या वस्तीवरच्या तीन दावणी मोडल्या. पण अंगावर राहिलेले पैरे लोक विसरले नव्हते. २०२२ ला पहिलं मैदान झालं तेव्हा एक म्हातारा मालक वडिलांना म्हणाला, "तुमचा एक राहिलाय आमच्याकडं, बंदीच्या आधीचा." दोन्हीकडचे ते बैल तोवर गेले होते. त्यानं नवा आदत, म्हणजे दात न पाडलेला तरणा बैल, दिला.

कृष्णाकाठ

मग मी हरलो. मला वाटलं होतं शर्यतीत शब्दाचा जीवच गेला असेल. तो म्हातारा तर माझ्या आज्जीच्या भिंतीवरचा निघाला.

कॉलनीतला

पैरा हा इंग्रजी पेअरचाच अपभ्रंश आहे. दोन बैल म्हणजे पेअर, त्याचा झाला पैरा. सरळ आहे.

कृष्णाकाठ

सरळ आहे म्हणूनच शंका येते. नुसतं शर्यतीवरून बघितलं तर पटेल, पण रानातल्या पैऱ्यात दोनचा आकडाच नाही. पाच घरांचा मिळून पैरा असायचा आणि तो घर फिरत जायचा. शिवाय पेअर कोणी "फेडत" नाही. शब्द मूळ कुठला हे मी सांगत नाही, वापर काय सांगतो तेवढंच बघतोय. औताला एक बैल तुमचा, एक आमचा, आज तुमचं रान, उद्या आमचं, हा पैरा शेतात होताच. तिथून छकड्याला जायला इंग्रजीची गरज कशाला लागावी?

आटपाडीकर

औताचा तो प्रकार आमची म्हातारी माणसं वारंगुळा म्हणायची. पैराही म्हणायची. भांडण नव्हतं.

मिरजेहून

इर्जिक राहिली. तिला पैऱ्यात घालू नका. इर्जिक एकाच्या हाकेवर असते. रान मोठं, वेळ थोडा, मग गावातली दहा-बारा औतं एका दिवशी त्याच्या रानात. त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं, बास. रेघा नाहीत. उद्या तुमच्यावर वेळ आली तर तो येईल, पण "तुमचा एक दिवस अंगावर आहे" असं इर्जिकीला कोणी म्हणत नाही.

सावड म्हणजेच पैरा, असं काही भागांत आहे म्हणे. पण आमच्या घरात "सावडायला गेलेत" म्हटलं की ऐकणारा आधी "कोण गेलं?" म्हणून विचारतो. राख सावडणंच आठवतं पहिल्यांदा. त्यामुळे आमच्याकडं पैराच बरा.

पलूसची सून

सगळं वाचलं. भिंतीवरच्या रेघा छान आहेत. पण पुरुषांना पैरा आठवतो तसा बायकांना आठवत नाही, म्हणून चार ओळी लिहिते.

आमच्यात पैरा सासऱ्यांनी करायचा आणि फेडायचा सुनांनी. चावडीजवळ उभ्या उभ्या ठरायचं, "उद्या तुमच्याकडं आमच्या तिघी." तिघी कोण, त्यांना बरं आहे का, अंगावर पोर आहे का, हे घरी आल्यावर. बैलांच्या एका दिवसाला आमच्या घरी माणसाचे तीन दिवस धरायचे. बैल सासऱ्यांचे, तीन दिवस आमचे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी सोयाबीनमध्ये अकरा दिवस दुसऱ्यांच्या रानात भांगललं. पैरा कशाचा होता ते मला दिवाळीत कळलं : मामंजींनी कुणाचा तरी नांगर आणला होता.

आमच्या हातातला पैरा उन्हाळ्यात. शेवया, कुरडया, सांडगे, पापड. सात घरं, सात दिवस. पाट, पोळपाट घेऊन जायचं आणि लाटता लाटता सगळ्या गल्लीचं बोलून व्हायचं. तो पैरा कुणी करून दिला नव्हता, आम्ही केला होता. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, गुडघ्यामुळे खाली बसवत नव्हतं तर त्यांना चुलीजवळचं काम दिलं आणि त्यांचा दिवस पुरा धरला. तसा हिशेब रानात कधी झाला नाही.

आता द्राक्षबागेत घड औषधात बुडवायला (डिपिंग), मणी विरळ करायला (थिनिंग) रोजगारानं जाते. आठवड्याला पैसे हातात येतात. पैरा मोडला म्हणून मला काही वाईट वाटत नाही.

माळावरचा

वहिनी, याला उत्तर नाही आमच्याकडं.

दक्षिण सातारा

नाव बघून विचारतील म्हणून आधी सांगतो : आताच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा, तासगावकडचा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. कराडच्या आणि वाळव्याच्या पैऱ्यात फरक का नाही, याचं उत्तर त्यात आलं. सोयरीक, बाजार, पाणी, सगळं एकच.

आता राजकारणातला पैरा. आमच्या गावात विकास सोसायटीच्या निवडणुकीला एक गट दुसऱ्याला मदत करतो आणि ग्रामपंचायतीला ती वसूल करतो. याला सरळ "पैरा" म्हणतात, व्यासपीठावरूनसुद्धा. परवा एका सभेत पाहुणे नेते म्हणाले, "मी इथं पैरा फेडायला आलोय." मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाच्या रानात?" सभा हसली, पण प्रश्न बरोबरच होता.

वरच्या ताईंचं वाक्य फिरवून लिहायचा मोह होतो. नेत्यांनी करायचा, कार्यकर्त्यांनी फेडायचा. नोव्हेंबर २०१९, जून २०२२, जुलै २०२३, या तीन खेपांत राज्यात पैरे मोडले आणि नवे जुळले. वर बसलेले एका रात्रीत या छकड्याचे त्या छकड्याला. गावात मात्र ज्याच्याशी पाच वर्षं बोलणं टाकलं होतं, त्याच्याच दारात पत्रकं घेऊन जायचं. माझा सख्खा चुलतभाऊ आणि मी दोन वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यालो नाही. आता एकाच मफलरीत आहोत. त्याच्या पोराच्या जावळाला गेलो तेव्हा काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी पावसावर बोललो.

कृष्णाकाठ

राजकारणात हा शब्द मला जरा फसवा वाटतो. सौदा म्हटलं तर वास येतो. पैरा म्हटलं की शेजारधर्म झाला! सव्वा-सव्वा वर्षाचं उपसरपंचपदही लोक पैऱ्यात घालतात. ती नुसती आळीपाळी आहे. कोणी कोणाच्या रानात घाम गाळलेला नसतो.

दक्षिण सातारा

गाळलेला असतो हो. प्रचारात. फक्त ज्यानं गाळला त्याला पद मिळत नाही.

रान नसलेला

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. पैऱ्याला दोन्हीकडं रान लागतं. माझ्या आज्ज्याला एक गुंठा नव्हता. त्याला कोणी पैऱ्याला बोलावलं नाही, कामाला बोलावलं. गावकीतला हा जिव्हाळा ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव होतं त्यांच्यात होता. तुमच्या भिंतीवर आमच्या घराची ओळ नव्हती.

कृष्णाकाठ

नव्हती. आईला विचारून खात्री केली. सगळ्या ओळी रानवाल्यांच्याच.

गावभागातला

मी पक्का शहरी, बैलाला लांबूनच नमस्कार. पण ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर हा शब्द आमच्या बोळात आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, आणि गाळ काढायला माणूस मिळेना. आमच्याकडं भाड्यानं राहणारा तासगावकडचा एक मुलगा म्हणाला, "पैऱ्यानं काढूया की." सहा घरं, रोज एक. माझं घर चौथ्या दिवशी. त्या तीन दिवसांत मी दुसऱ्यांची कपाटं, गाद्या, एकाची भिजून फुगलेली हार्मोनियम बाहेर काढत होतो आणि माझ्याच घराला कुलूप होतं. तो मुलगा भाडेकरू, त्याचं स्वतःचं घर नव्हतंच. त्यानं सहाही दिवस काम केलं.

त्याचा पैरा कसा फेडायचा ते आम्हाला कळलं नाही. पुढं तो पुण्याला गेला.

मिरजेहून

भजनी मंडळांतही चालतो हो शब्द. आमच्या सप्ताहाला शेजारच्या गावचं मंडळ जागराला आलं की त्यांच्या सप्ताहाला आम्ही जायचं. "यंदा पखवाजवाला आजारी आहे, पैरा पुढच्या वर्षी" असं चालतं. आहेराची वही मात्र वेगळी. तिच्यात आकडे असतात.

कृष्णाकाठ

मग निदान एवढं तरी दिसतंय की जुळणं वरवरचं आणि फेडणं आतलं. शर्यतीच्या मैदानापासून सप्ताहापर्यंत बहुतेक सगळीकडं ज्या जिन्नसाचा पैरा त्याच जिन्नसानं फेडायचा. राजकारणात तिथंच घसरतं : घेतात मतं, फेडतात काहीतरी भलतंच.

आज बहिणीला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तिकडं नवीनच प्रकरण. समोरच्या बाईच्या आईला दवाखान्यात ठेवलंय म्हणून ती नागपूरला गेली आहे. येऊन-जाऊन दोन आठवडे जातील. दोन्ही पोरं रोज हीच सोडणार. तिच्या नवऱ्यानं परवा संकोचून हॉटेलातून जेवणाचे डबे मागवून दिले, वर म्हणाला, "तेवढंच आमच्याकडून."

मी म्हटलं, चला, फिटला की.

तर ही म्हणते, "डब्यानं कुठं पैरा फिटतो? डबा डब्याच्या जागी. तिच्या आईला बरं वाटू दे, मग सलग चौदा दिवस तिचे."

माळावरचा

चौदा नाही, बारा. रविवार वजा करा.