तो पुण्यात, मी सोलापुरात: घर कुठं करायचं? (तुमचे अनुभव हवेत)

मी होटगी रोडला राहते. फिजिओथेरपिस्ट आहे. आठ वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल नि एक मशीन घेऊन सुरुवात केली, आता दिवसाला पंधरा-सोळा पेशंट असतात. त्यातले निम्मे यंत्रमागावर आयुष्य काढलेले, उभं राहून राहून गुडघे आणि कंबर गेलेले. त्यांना माझी गरज आहे आणि मलाही त्यांना सोडून जायचा विचार सहन होत नाही. नवरा तीन वर्षांपासून हिंजवडीत नोकरीला. शुक्रवारी रात्री येतो, रविवारी रात्री जातो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, म्हणून जो तो विचारतोय, "मग आता काय करायलाव? जाणार का पुण्याला?"

सल्ले भरपूर मिळालेत, म्हणून इथं सल्ला मागत नाही. ज्यांची कामं दोन गावांत आहेत किंवा होती, त्यांनी घर कुठं केलं ते सांगा. कुणाच्या शब्दावर ठरलं, पहिले सहा महिने कसे गेले, मुलांना काय वाटलं, आणि आता पुन्हा ठरवायची वेळ आली तर तेच ठरवाल का. लांबलचक लिहिलंत तरी वाचेन. तीन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

विजापूर रोड, बँकेत नोकरी

ताई, तुमचं आज जे चाललंय ते आमचं सात वर्षं चाललं. मी सोलापुरात, हे पुण्यात. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पुणे हे एक गाव नाही. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सहाला सुटते आणि दहाच्या सुमारास सोलापुरात येते. हिंजवडीतून सहाची गाडी धरायची तर चार वाजता ऑफिस सोडावं लागतं. शुक्रवारी चार वाजता कोण सोडतो? पहिली दोन वर्षं यांची दर दुसऱ्या आठवड्याला गाडी चुकायची. मग स्वारगेटहून बस, रात्री दोनला घरी, शनिवारची सकाळ झोपेत. पुढं यांनी खराडीतली नोकरी बघितली आणि खोली हडपसरला घेतली. पगारात फारसा फरक पडला नाही, पण शुक्रवारची रात्र आम्हाला मिळाली. सोलापूरच्या माणसानं पुण्यात खोली घ्यायची तर पूर्वेच्या बाजूला घ्यावी, एवढं मी कुणालाही सांगते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि वेळ कधी पहाटेची, कधी रात्री अकराची. जो सोलापुरात एकटा राहतो त्याच्या वाट्याला घर, मूल, म्हातारी माणसं आणि पाणी असं सगळं येतं. पुण्यातल्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा टाकी भरलेली असते. मी एकदा रडून सांगितलं तेव्हा यांना कळलं. पुढच्या महिन्यात यांनी जमिनीखाली मोठी टाकी बांधून घेतली. आधी का नाही सांगितलंस म्हणाले. खरंच, का नाही सांगितलं, ते मलाही उमगत नाही.

तिसरी गोष्ट मुलाची. तो पाच वर्षांचा असताना बाबांना काही विचारेनासा झाला. सायकल बिघडली तर मला सांगायचा, बाबा समोर असले तरी. तेव्हा आम्ही ठरवलं की बुधवारी रात्री गणिताचा अभ्यास बाबाच घेणार, फोनवर का होईना. ते शेवटपर्यंत पाळलं. आता हे सोलापुरातूनच काम करतात, महिन्यातून चार दिवस जातात. मुलगा नववीत आहे आणि गणित अजून बाबांकडंच आहे.

मोहोळ, दोघं जिल्हा परिषद शिक्षक

आमची कहाणी नऊ वर्षांची. मी मंगळवेढा तालुक्यात, बायको रत्नागिरी जिल्ह्यात. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, दोन वर्षांत पती-पत्नी एकत्रीकरणात बदली होईल. आंतरजिल्हा बदलीत तो प्राधान्याचा संवर्ग आहे हे खरं, पण इकडं जागा रिकामी हवी, तिकडून सोडायला हवं, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, जुळायला हवी. २०१७ पासून सगळं ऑनलाइन झालं तेव्हा वाटलं आता होईल, तरी दोन वेळा नाव आलं नाही.

मुलगी पहिली चार वर्षं आईजवळ कोकणात वाढली. मी महिन्यातून एकदा जायचो. ती मला बघून दाराआड जायची, आणि तिसऱ्या दिवशी निघताना पायाला मिठी मारायची. हे लिहितानाही हात थांबतो.

बदली झाली तेव्हा बायकोची सेवाज्येष्ठता गेली. नव्या जिल्ह्याच्या यादीत आपण सगळ्यांत शेवटी लागतो, हे तरुण शिक्षकांनी आधी समजून घ्यावं. तिच्या बरोबरीच्या बाई तिकडं केंद्रप्रमुख होतील, ही नाही. तिनं ते डोळसपणे स्वीकारलं. मी तिच्या जागी असतो तर स्वीकारलं असतं का, हे मी स्वतःला विचारत असतो.

जुळे सोलापूर

आम्ही मधलं गाव निवडलं होतं. मी सोलापुरात, बायको बारामतीत, म्हणून टेंभुर्णीला भाड्यानं घर. कागदावर एकदम न्यायाचं. प्रत्यक्षात दोघंही रोज दीड-दीड तास गाडीत, आणि घरी आल्यावर शेजारी ना तिचे ना माझे. बाळाला ताप आला त्या रात्री हाक मारायला कुणी नव्हतं. चौदा महिन्यांत आवरलं. घर एकाच्या गावात करा, तिथं निदान एकाची तरी माणसं असतात.

विडी घरकुल परिसर, आईच्या वतीनं लिहितेय

हा धागा नोकरदारांचा आहे हे दिसतंय, तरी आमचंही लिहिते, कारण आमच्या गल्लीत हे असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

माझे नायना, म्हणजे वडील, मागावर होते. इथला कारखाना बंद पडला तेव्हा मी तिसरीत होते. त्यांच्या ओळखीची बरीच माणसं भिवंडीला गेली होती, तेही गेले. अम्मा विड्या वळायची. सगळ्यांनी तिला सांगितलं, तू पण जा, नवऱ्याबरोबर राहा. नायनाही म्हणाले. अम्मा नाही म्हणाली.

मी परवा तिला विचारलं, का गं नाही गेलीस? ती पान कापत होती, मान वर न करता बोलली. म्हणाली, "माझा फंड इथं होता." तिचं विडी कामगाराचं कार्ड, तिचा फंड (पीएफ), तिचा बोनस सोलापुरात. भिवंडीत खोलीचं भाडं द्यायचं, आणि कमाई एकट्या नायनांची. इथं स्वतःचं घर, लहान का असेना, पाठीमागं मामा. हजार विड्या म्हणजे सकाळी उठल्यापासूनचा दिवस. पानं रात्री भिजवून ठेवायची, कापायची, भरायची, दोरा बांधायचा, मग विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या. पण ती मजुरी तिच्या नावावर होती. "तिकडं गेले असते तर मी फक्त त्याची बायको झाले असते," असं ती म्हणाली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत.

नायना वर्षातून तीनदा यायचे. दिवाळीला, गड्ड्याला (जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला) आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाला. कल्याणहून सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी सोलापूर. आम्ही दोघी बहिणी स्टेशनवर जायचो. ते आमच्यासाठी भिवंडीहून कापड आणायचे, आणि अम्मा परत जाताना त्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची, महिनाभर टिकावी म्हणून.

त्या फंडातून माझं डी. फार्मसी झालं. नायना आता परत आलेत, कानांनी कमी ऐकू येतं. दोघं दिवसभर एकमेकांशी फार बोलत नाहीत. संध्याकाळी मात्र नायना तिच्या सुपाजवळ बसून विड्यांचे कट्टे मोजून देतात. अम्माला वाईट वाटतं का, ते मी विचारलं. "वाटतं. तुमच्या नायनांना तुम्ही लहान दिसलाच नाहीत," म्हणाली.

अशोक चौक, टॉवेलचा कारखाना

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझं उलटं आहे. मी इथं, बायको हैदराबादला. माझे माग उचलून नेता येत नाहीत, कामगार, सूतवाले, गिऱ्हाईक सगळं इथं. तिचा पगार माझ्या उत्पन्नापेक्षा जास्त. म्हणून आम्ही ठरवलं की मुख्य घर तिथलं, मुलं तिच्याजवळ, आणि मी दर शनिवारी जायचं. तीनशे किलोमीटर, पण रस्ता आता चांगला आहे. घरात आमची भाषा तेलुगू, त्यामुळं मुलांना तिथं परकं वाटलं नाही.

लोक काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. बायकोच्या गावी जाऊन राहणारा, पोरं दिली तिकडं, वगैरे. माझ्या वडिलांनाच सगळ्यांत जास्त लागलं. एका रविवारी मी त्यांना सोबत नेलं. नातवानं त्यांना सकाळी फिरायला नेलं, त्याच्या मित्रांशी ओळख करून दिली. त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही.

एक व्यवहाराची बाब इथं मुद्दाम लिहितो, आम्हाला ती उशिरा कळली. मुलीला डॉक्टर व्हायचंय. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा तर अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणून नववीपासून तिला सोलापुरात आणलं. आता ती माझ्याकडं, धाकटा बायकोकडं. दर शनिवारी आम्ही दोघं निघतो. ज्यांचं दुसरं गाव कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबाद आहे, त्यांनी मूल आठवीत जायच्या आत हे बघून ठेवा.

नवी पेठ, करसल्लागार

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सोलापुरात कर्ज काढून घेतलेलं घर आहे आणि नोकरीसाठी पुण्यात भाड्यानं राहता, तर जुन्या करप्रणालीत भाड्याची एचआरए (घरभाडे भत्ता) सवलत आणि गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट, दोन्ही घेता येतात. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या बाबतीत यातलं काहीच मिळत नाही. दोन चुली असणाऱ्यांनी प्रणाली निवडताना दोन्हीकडचा हिशोब मांडून बघावा. भाडेकरार आणि भाडं बँकेतून दिल्याची नोंद ठेवा.

रेल्वे लाईन्स, निवृत्त गार्ड

आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारत नसे. मी गार्ड, पत्नी सरकारी दवाखान्यात परिचारिका. मी दौंडला, मग वाडीला, पुन्हा दौंडला. तिनं सोलापूर सोडलं नाही, कारण तिची नोकरी पक्की होती आणि माझी आई तिच्याजवळ होती. माझं निम्मं आयुष्य रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत गेलं. तिची रात्रपाळी आणि माझी ड्यूटी अशी पडायची की कधीकधी आम्ही फाटकातच भेटायचो. ती चावी हातात द्यायची आणि जेवण कुठं ठेवलंय ते सांगायची.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. कुठं राहायचं ते आम्ही बरोबर ठरवलं होतं, असं मला आजही वाटतं. पण माझी शेवटची सहा वर्षं सोलापूरला बदली मागता आली असती, आणि मी भत्त्यापायी मागितली नाही. बाई, तुमच्या यजमानांना हे एवढं वाचून दाखवा.

सैफुल

मी नोकरी सोडून पुण्याला गेले होते. नवरा चांगला, घर चांगलं. पण मी तिथं दोन वर्षं दुपारी खिडकीपाशी बसून होते. तुमची प्रॅक्टिस आठ वर्षांची आहे, ती बंद करून 'तिकडं नवीन सुरू करीन' असं म्हणू नका. आधी तिथं सहा महिने आठवड्यातून दोन दिवस बसून बघा, मग काय ते ठरवा. मी ते केलं नाही.

होटगी रोड, पुन्हा मी

सगळं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नवऱ्यासोबत, मोठ्यानं. अम्मांचं वाचताना त्यानंच फोन हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. गार्डकाकांचं वाचून झाल्यावर बराच वेळ तो गप्प होता.

आम्ही मुलीचा फॉर्म सोलापूरच्या शाळेत भरला आहे. हे कायमचं ठरलं असं मी म्हणत नाही, चौथीपर्यंतचं ठरवलंय. त्यानं खराडीकडच्या दोन ठिकाणी अर्ज केलेत, आणि मिळेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी मागितली आहे. इतके दिवस ती मागता येते हे माहीत असूनही मागितली नव्हती, कारण मी कधी म्हटलं नव्हतं. पाण्याच्या दिवशी तो घरी असेल असे ते दोन दिवस बसवायचा विचार आहे, पण पाण्याचे दिवस ठरलेले नसतात, त्यामुळं तेवढं जमेल असं वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे तो गुरुवारपासून जेवायला घरी का?" आणि ज्वारीचं पीठ जास्त दळून आणायला सांगितलं.

विजापूर रोडच्या ताईंना एक विचारायचंय. हुतात्माचं शुक्रवारचं तिकीट किती दिवस आधी काढता?

विजापूर रोड, बँकेत नोकरी

साठ दिवस आधी, आरक्षण उघडतं त्याच सकाळी. २०२४ च्या नोव्हेंबरच्या आधी एकशे वीस दिवसांची मुदत होती, आता साठच आहे. दर सोमवारी सकाळी साठ दिवसांनंतरच्या शुक्रवारचं काढून टाकायचं, मग विसरायला होत नाही. दिवाळीच्या आणि गड्ड्याच्या तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.