मदत हवी आहे : खाणीच्या जनसुनावणीआधी ग्रामपंचायतीने नेमकं काय करावं?

सडामाथा :
जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, खाणपट्टा प्रस्तावित आहे. पट्ट्यात खासगी गट, थोडं गायरान आणि वरच्या अंगाला वनजमीन येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली आहे. गाव पेसा क्षेत्रात (ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) नाही. ग्रामसभेचा विरोधाचा ठराव पुरेसा आहे का? सुनावणीत काय मांडलं तर त्याची दखल घ्यावीच लागते? काही जमीनमालकांकडे संमतिपत्रं घेऊन माणसं फिरताहेत, त्यांना काय सांगावं?

खडकमाती :
आधी एक गोष्ट गावात सगळ्यांना समजावून सांगा. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. तिथे गणसंख्येची अटही नाही, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झालीच असं धरलं जातं. हजार लोकांनी हात वर केले तर इतिवृत्तात "ग्रामस्थांनी विरोध दर्शविला" एवढी एकच ओळ येते. याउलट वीस नेमके प्रश्न लेखी दिले, तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक मुद्द्यावर कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर अंतिम अहवालात जातं. त्यामुळे नुसता ठराव पुरत नाही. ठराव कराच, पण त्याला हरकतींचं परिशिष्ट जोडा.

जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत, तारखा मोजून बघा. खाणीचे पर्यावरणावर काय परिणाम होतील, याचा कंपनीने दिलेला मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळायलाच हवा. मराठी सारांशावर भागवू नका. तो दहा-पंधरा पानांचा असतो आणि अडचणीचं काही त्यात सहसा नसतं. मूळ अहवालातली पाण्याची, वाहतुकीची आणि खाण-आराखड्याची प्रकरणं काढा.

सड्यावर पाणी हाच कळीचा मुद्दा आहे. जांभा पाऊस पितो. ते पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. बॉक्साइट या जांभ्यातच असतं, म्हणजे ते काढताना पाणी धरणारा थरच जातो. अहवालाला पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजमापं चालतात. ती हिवाळ्यातली असली तर एप्रिल-मेमध्ये गाव ज्या झऱ्यावर जगतं, त्याची नोंदच नसते. म्हणून आजपासून स्वतः मोजा. १० लिटरची बादली झऱ्याखाली धरायची, भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी लिहायची, दर आठवड्याला, त्याच जागी. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर. विहिरीत दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. वहीवर तारीख, गट नंबर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

वाहतुकीचं गणित अहवालातल्याच आकड्यांवरून मांडा. समजा वर्षाला ३ लाख टन काढणार आणि ३०० दिवस काम चालणार. म्हणजे रोज १,००० टन, २० टनी डंपरच्या ५० खेपा, जाऊन-येऊन १००. दिवसाचे दहा तास धरले तर दर सहा मिनिटांना एक डंपर शाळेसमोरून जाणार. "धुळीचा त्रास होईल" यापेक्षा हे वाक्य टाळणं फार अवघड आहे.

सुरुंग लावणार असतील तर सर्वात जवळच्या घराचं अंतर विचारा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषांप्रमाणे गावातल्या साध्या घरांपाशी ८ हर्ट्झच्या खालच्या कंपनांना ५ मि.मी. प्रति सेकंद ही मर्यादा आहे. ती कोण मोजणार, नोंदी ग्रामपंचायतीला कधी देणार, हे लेखी मागा. घरांना आधीपासून तडे असतील तर आत्ताच फोटो काढून ठेवा.

आणि सुनावणी संपताना इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक कंटाळून आधीच निघून जातात, नेमकं तेव्हाच मुद्दे गळतात. चार-पाच जणांनी आपापली यादी हातात धरून शेवटपर्यंत बसायचं. सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे उभं राहून सांगायचा, सुनावणीचं चित्रीकरण होत असतं.

फेरफार :
जमिनीबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मुळे खनिज सरकारचं, पण वरची जमीन कब्जेदाराची. ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली आहे. सरकार खासगी कंपनीसाठी संपादन करतं तेव्हाच ती लागते. थेट खरेदी असेल तर नाही, म्हणून दलाल एकेक गट सुटा उचलतात. संमतिपत्रावर गट नंबर, क्षेत्र, मुदत, मोबदला आणि खाण संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, यांतलं काहीही कोरं असेल तर सही नको. सातबारावर बहिणींची नावं असतील, इतर हक्कांत कूळ असेल, तर एकट्या भावाच्या सहीवर भागत नाही. हे मालकांना आत्ताच सांगा.

वनजमिनीचा रस्ता वेगळा आहे. तिथे वनहक्क कायदा लागतो, गाव पेसात नसलं तरी. त्याखाली गावाने जंगलावरच्या हक्काचा सामूहिक दावा केला नसेल तर लगेच दाखल करा. त्यासाठीच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश महिला. इथेच बहुतेक ठराव पुढे कच्चे ठरतात. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला, तो याच कायद्याच्या जोरावर.

सडामाथा :
झऱ्यांची मोजणी या रविवारपासून लावतो. सुनावणीनंतर मंजुरी मिळालीच तर किती वेळ हातात असतो?

खडकमाती :
राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत माफी मिळू शकते, त्यापुढे नाही. महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्याला आहे. तिथे तुमची झऱ्याची वही आणि हरकतींची आवक क्रमांकाची पोच, दोन्ही लागतील. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.