मदत हवी आहे: चीनच्या गाओकाओचा (बारावीनंतरच्या कॉलेज प्रवेश परीक्षेचा) इंग्लिश पेपर कोणी शिकवलाय का?

नमस्कार मंडळी, आम्ही नवऱ्याच्या जॉबमुळे सध्या सुजौला, म्हणजे शांघायच्या शेजारी. शेजारची मुलगी बारावीला आहे, जूनमध्ये गाओकाओ, आणि तिची आई म्हणाली इंडियन आहेस तर इंग्लिश बघ जरा हिचं. हो म्हणून बसले.

पेपर १५० मार्कांचा, चिनी आणि गणिताइतकाच, एकूण ७५० पैकी. लिसनिंग ३०, रीडिंग ५०, गाळलेल्या जागा नि ग्रामर ३०, ते सगळं पोरीला छान जमतं, पाठांतर तर विचारूच नका. अडतंय ते ४० मार्कांच्या रायटिंगला. त्यातलं १५ मार्कांचं पत्र ठीक आहे (दरवेळी ली हुआ नावाच्याच मुलाच्या वतीने लिहायचं, बिचारा किती वर्षं पत्रं लिहितोय कोण जाणे), पण उरलेल्या २५ मार्कांना एक अर्धवट गोष्ट देतात, पुढच्या दोन पॅराची पहिली वाक्यं पण तेच देतात आणि आपण दीडशेक शब्दांत ती पूर्ण करायची. आपल्या बोर्डात असलं काही मी तरी पाहिलं नव्हतं.

ही पोरगी पाठ केलेली भारी भारी वाक्यं कोंबते, अश्रू मोत्यांसारखे वगैरे, आणि गोष्ट तिथेच राहते. मला ते खटकतं, पण इथे तपासणाऱ्यांना तेच आवडत असेल तर मी उगाच मोडायला नको ना? चीनमध्ये शिकवलेलं किंवा मुलं इथल्या शाळेत असलेलं कोणी असेल तर सांगा प्लीज, सराव कसा घ्यायचा आणि आधी काय सुधारायचं, प्लॉट की भाषा?