छोटा हौद आणि फिशटँक : पाणवनस्पती सुचवा

बेडकी_डराव :
नमस्कार मंडळी. अंगणात नवा सिमेंटचा हौद बांधून झालाय. सहा फूट बाय चार फूट, खोली दोन फूट. सकाळी दहापासून साधारण तीनपर्यंत ऊन, मग भिंतीची सावली. मला कमळ लावायचंय. एका कडेला कुंड्या बसतील अशी पायरी ठेवून घेतलीय, तिच्यावर काय शोभेल?

दुसरं दुखणं घरातल्या दोन फुटी फिशटँकचं. त्यात दोन गोल्डफिश आहेत. 'पाण्यातलीच आहेत' असं सांगून मिळालेली दोन झाडं, एक हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आणि एक जांभळट पानांचं, बुडखापासून काळी पडून कुजली. सीओटूचा सिलिंडर, भारी दिवे वगैरे भानगडी नकोत. जगतील अशी नावं सांगा.

बुळबुळीत_दगड :
कुजलेल्या झाडांपासून सुरुवात करतो. वर्णनावरून पट्ट्यांचं ते ड्रॅसीना आणि जांभळं ते हेमिग्राफिस दिसतंय. दोन्ही जमिनीवरची झाडं. सिंगोनियम आणि 'लकी बांबू' (तोही ड्रॅसीनाच) हीसुद्धा सर्रास पाण्यात बुडवून विकतात. पान बुडालं की ती महिना-दोन महिने तग धरतात आणि मग सडतात. तुमचं काही चुकलेलं नाही.

घेताना रोप पाण्याबाहेर उचलून बघायचं. कायम पाण्याखाली वाढलेलं रोप ओल्या फडक्यासारखं लोंबतं, कारण पाणीच त्याला उभं धरतं. ताठ उभं राहिलं तर शंका घ्या. मात्र ही कसोटी एकटी पुरत नाही. अ‍ॅन्युबियास ताठच असतं आणि ते पाण्याखाली उत्तम चालतं. शिवाय बऱ्याच खऱ्या पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टँकमध्ये लावल्यावर त्यांची जुनी पानं गळतात आणि वेगळ्याच आकाराची नवी पानं येतात. क्रिप्टोकोरायन तर जागा बदलली म्हणूनही सगळी पानं विरघळवून टाकतं. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर उपटू नका, ते परत फुटतं.

कुमुदवेडी :
बेडकीताई, पाच तासांच्या उन्हात कमळाचा हट्ट सोडा. पानं येतील, फुलांसाठी त्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं आणि जितकं जास्त तितकं बरं. तुमच्या हौदासाठी कुमुद, म्हणजे वॉटर लिली घ्या. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरतं. कमळाचं पान अखंड गोल, पाण्याच्या वर उभं राहतं, त्यावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतो. घेताना पान बघूनच घ्या, फुलाच्या फोटोवर जाऊ नका.

लावणी अशी. कुंडी खोल नको, पसरट हवी, १४-१६ इंच व्यासाची. माती बागेतली जड, चिकट. शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट यातलं काहीही नको. खत पाण्यात उतरून शेवाळ माजवतं, कोकोपीट तरंगून वर येतं. लिलीचं खोड आडवं, आल्यासारखं असेल तर ते कुंडीच्या कडेला तिरकं लावून कोंब मधोमध तोंड करून ठेवा. गोल गड्डा असेल तर बरोबर मध्ये. दोन्हीत कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, गाडला की कुजतो. वर खडीचा थर द्या, कोंबाभोवती मोकळं सोडून.

कुंडी एकदम तळाशी नेऊ नका. विटांवर चढवून वर सहाएक इंच पाणी ठेवा, पानं पृष्ठभागावर आली की एकेक वीट काढत दीड फुटापर्यंत उतरवा. आणि कारंजं लावायचा विचार असेल तर लिलीपासून लांब. पानांवर सतत तुषार उडालेले तिला अजिबात सोसत नाहीत.

दिवसभर घराबाहेर असाल तर रात्री फुलणारी जात शोधा. संध्याकाळी उमलते, दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की मिटते. फुललेल्या पहिल्या दिवशी फूल जवळून बघा, मधोमध वाटीत द्रव साठलेला दिसेल. त्या दिवशी फूल मादी असतं. पराग दुसऱ्या दिवसापासून सुटतो आणि तोवर वाटी कोरडी पडते.

बेडकी_डराव :
बरं, लिली नक्की. पण कमळाच्या थोड्या बिया आहेत माझ्याकडे, त्या वाया घालवू का? आणि शेजारच्या काकू जलपर्णी देतायत, पाणी स्वच्छ राहतं म्हणे. घेऊ?

कुमुदवेडी :
बिया ठेवून द्या, मरत नाहीत. चीनमधल्या एका कोरड्या तळ्याच्या गाळातली सुमारे १३०० वर्षं जुनी कमळबी उगवल्याची नोंद आहे! कवच इतकं घट्ट असतं की नुसतं भिजवून भागत नाही. खळगा असलेलं टोक पॉलिश पेपरवर घासायचं, आतला फिकट थर दिसेपर्यंतच, मग कोमट पाण्यात टाकायचं, पाणी रोज बदलायचं. आठवड्याभरात कोंब येतो. गच्चीवर पूर्ण उन्हाची जागा असेल तर तिथे गोल टबात लावा. टबाला कोपरे नकोत, कमळाचं धावतं खोड कोपऱ्यात अडकून बसतं. बियांपासून आईसारखंच फूल येईल याची मात्र खात्री नाही.

तळ्याकाठचा :
जलपर्णी नको. काकूंचं म्हणणं खोटं नाही, ती पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट खरंच ओढून घेते. पण मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि निम्म्या जगाची तळी-नद्या तिने गिळल्यात. युरोपीय संघाने २०१६ पासून तिच्या विक्रीवर आणि बाळगण्यावर बंदीच घातलीय.

बुळबुळीत_दगड :
थोडा असहमत. बंदिस्त हौदात, दर आठवड्याला उपसणाऱ्या माणसाकडे ती चालते. प्रश्न उपसलेली कुठे टाकता याचा आहे.

तळ्याकाठचा :
दर आठवड्याला उपसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. :) जादा वाढ कडकडीत वाळवून मगच खतात घाला, ओढ्या-नाल्यात कधीही नको. पिस्टिया, साल्व्हिनिया या दुसऱ्या तरंगत्या वनस्पतींनाही हेच लागू. पृष्ठभाग निम्मा ते दोन तृतीयांश झाकला की पुरे. पूर्ण झाकला तर खालचं पाणी गुदमरतं, झाडंही रात्री ऑक्सिजन घेतात, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमिट करताना दिसतात.

पायरीसाठी माझी पसंती वेखंड. तलवारीसारखी पानं, मुळाशी दोन-तीन इंच पाणी, कटकट नाही. पान चुरडलं की वास येतो. पुढच्या बाजूला ब्राह्मी, ती कुंडीतून ओघळून पाण्यावर पसरते. हिचाच तुकडा टँकमध्येही लावता येतो. उंची हवी तर कॅना किंवा छत्रीसारखा सायपेरस. पाणकणीस देखणं असलं तरी कुंडीतच कोंडा, मोकळं सोडलं तर हौद त्याचा आणि तुम्ही पाहुण्या.

आणि हौद नवा आहे ना? सिमेंट पाण्यात चुना सोडतं. भरून काही दिवस ठेवायचा, घासून रिकामा करायचा, असं तीन-चारदा. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) साडेआठच्या खाली येऊन टिकल्याशिवाय झाडंही नको, मासेही नको.

काचेपलीकडे :
टँकचं सांगते. गोल्डफिश म्हणजे शिंगं नसलेल्या शेळ्या. मऊ पान दिसलं की खाणार, मुळं उकरणार. त्यांच्यासोबत अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न टिकतात, पानं चिवट असल्यामुळे. दोन्हीचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधायचं. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात. ही हळू वाढतात, त्यामुळे जास्त दिवा दिला तर पानांवर काळं शेवाळ बसतं. टायमर लावून सहा ते आठ तास पुरे.

सोबत हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडा. त्याला मुळंच नसतात, अन्न सरळ पाण्यातून घेतं. मासे खातात त्याहून वेगाने वाढतं.

खरं तर दोन फुटांचा टँक दोन गोल्डफिशना लवकरच अपुरा पडेल. हौद मुरला की त्यांना तिकडे न्या, डासांच्या अळ्याही खातील. लिलीच्या कुंडीवर मात्र खडीऐवजी मुठीएवढे गोटे ठेवा, नाहीतर माती उकरून पाणी गढूळ करतील. मग रिकाम्या टँकमध्ये व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरायन, ब्राह्मी, हवं ते लावा.

बेडकी_डराव :
हा क्रम पटला. आधी हौद मुरवते, मग लिली, मग मासे. शेवटची शंका : नव्या हौदाचं पाणी हिरवं होतं म्हणतात, तेव्हा सगळं पाणी बदलायचं का?

तळ्याकाठचा :
नको. ताज्या पाण्याबरोबर ताजे क्षार येतात आणि हिरवेपणा पुन्हा सुरू. लिलीची पानं पसरून सावली पडेपर्यंत थांबा, तोवर दोन-चार मुठी हॉर्नवर्ट टाकून ठेवा. माशांना चिमटीने खायला घाला, उरलेलं अन्न म्हणजे शेवाळाचं खत. पाणी आटेल तेवढंच वरून भरा, आणि नळाचं असेल तर आधी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून.